ऐंशीची शिट्टी

गाडीच्या पुढच्या दोन सीट आणि मागचा बाक काढून मी फूटपाथवर मांडले होते. खालचं कार्पेट गुंडाळून ठेवलं होतं. चारी दारांची आतली पॅनेलं भिंतीला टेकवली होती आणि छताचं अस्तर दुकानात आडवं पडलं होतं. हैदराबादेत, नारायणगुड्याच्या आमच्या गल्लीत पाच वर्षं जुनी पांढरी डिझेल सेडान नुसत्या पत्र्यानिशी उभी होती. तिचे ड्रायव्हर यूसुफभाई हातात चहाचा ग्लास धरून हा पसारा बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "भालेराव साब, चलती गाडी दी थी आपकू. कबाड़ बना दिए आप."

"जुम्मे कू आके देखो. पैचानते नै," मी म्हणालो.

"एक बात बोलूँ? पूरी आवाज नक्को निकालो. थोड़ी रखो."

मी हसलो आणि कामाला लागलो. का ठेवायचा म्हणून विचारलं नाही. ड्रायव्हर लोकांना गाडीत कोणी हात घातलेला आवडत नाही हे मला वीस वर्षांत ठाऊक झालं होतं, आणि यूसुफभाई तर साठीकडे झुकलेले. त्यांचं मी मनावर घेतलं नाही. आणि खरं सांगायचं तर मी त्या दिवशी कोणाचंच ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो, इतका खुशीत होतो.

त्याचं कारण सांगतो. माझा धंदा कार ऑडिओचा. वीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांत आवाज भरत आलो. ॲम्प्लिफायर, वूफर, दारात मोठे स्पीकर. सिग्नलला गाडी थांबली की शेजारच्या स्कूटरवाल्याच्या बरगड्या हलल्या पाहिजेत, अशी गिऱ्हाइकांची मागणी असायची आणि मी ती मनापासून पुरवायचो. माझे वडील परभणीकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आलेले, शिस्तीचा माणूस. ते म्हणायचे, "लोक पोटासाठी काहीही करतात, तू गोंगाट करतोस." मला राग यायचा. आणि आता पहिल्यांदाच एक गिऱ्हाईक म्हणत होतं की गाडीतला आवाज काढून टाका.

ते गिऱ्हाईक म्हणजे पाठक मॅडम. विद्यानगरला राहणाऱ्या, सचिवालयात अधिकारी. हैदराबादच्या जुन्या मराठी घरातल्या, त्यांच्या घरात दोन पिढ्या वकिली आणि सरकारी नोकरीत गेलेल्या. राज्याचे दोन भाग झाले ती ही वर्षं. ऑफिसांतल्या फायली वाटल्या, टेबलं वाटली, तशी माणसंही वाटली. मॅडमचा जन्म इथला, घर इथलं, पण नाव आलं तिकडच्या, विजयवाड्याच्या यादीत. त्यांनी अपील केलं होतं. अपिलाचा निकाल येईपर्यंत विजयवाड्याला हजर व्हायचं. सोमवारी पहाटे हैदराबाद सोडायचं, शुक्रवारी रात्री परत यायचं. जाताना पाच तास, येताना पाच तास.

मॅडमनी लग्न केलेलं नव्हतं. घरी फक्त वडील, वय ब्याऐंशी. पाठक वकील म्हणून जुन्या हैदराबादेत त्यांचं नाव होतं. ते मध्यंतरी बाथरूममध्ये पडले होते, त्यामुळे त्यांना पाच दिवस एकटं ठेवायची सोय उरली नव्हती. मॅडम त्यांना दर आठवड्याला सोबत नेत. अडचण त्यांच्या कानांची होती. दोन्ही कानांत मशीन होतं, कोठी भागातल्या एका क्लिनिकमधून घेतलेलं, चांगलं महागाचं. घरात त्यावर सगळं ऐकू येई. गाडी हायवेला लागली की मात्र ते मशीन मुलीच्या बोलण्याबरोबर टायरची घरघरही मोठी करून कानात ओती.

मॅडम पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा वकीलसाहेब मागच्या सीटवर बसून होते. मशीन कानात नव्हतं, शर्टाच्या खिशात डबीत होतं.

"कानात लॉरी चालते माझ्या," ते मला म्हणाले. "म्हणून काढून ठेवतो. मग पाच तास खिडकीतून बघायचं. ही काही विचारते, मी भलतंच उत्तर देतो. यूसुफला वाटतं म्हातारा सठिया गया."

"मैं कब्बी बोला नै साब," पुढून यूसुफभाई म्हणाले. ते अर्थात वकीलसाहेबांना ऐकू गेलं नाही.

"मी हिला सांगून टाकलंय," वकीलसाहेब पुढे बोलतच होते. "या महिन्यानंतर मी येणार नाही. डिकीतल्या बॅगेसारखं मला इकडून तिकडे न्यायचं असेल तर मी घरीच बरा."

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भालेराव, दादा आले नाहीत तर मला राजीनामा द्यावा लागेल. सहा वर्षं सर्व्हिस राहिलीय माझी. मला भारी स्टिरिओ नको. गाडीत मला दादांशी बोलता आलं पाहिजे, एवढं करा. जमलं तर त्यांच्या कानाजवळ दोन लहान स्पीकर द्या, पेन ड्राइव्हमध्ये त्यांच्या गझला भरून ठेवल्यात."

मी लगेच हो म्हटलं. म्हणजे मॅडमचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच म्हटलं. पुऱ्या गाडीचं काम मी तोवर एकदाही केलं नव्हतं. दारांचं केलं होतं, कारण दाराचा पत्रा थरथरला तर स्पीकरचा आवाज फाटतो. पण खाली, वर, चाकांवर, डिकीत, सगळीकडे? ते करायची मला कितीतरी वर्षं हौस होती आणि हैदराबादेत कोणी मागत नव्हतं.

आधी मोजणी. आवाज मोजायचं माप म्हणजे डेसिबल. त्याचा हिशोब सरळ नसतो, दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. मी गाडी विजयवाडा रोडला नेली, मागच्या सीटवर, वकीलसाहेबांचं डोकं येईल तिथे मीटर बांधला आणि ऐंशीच्या वेगाने गेलो. त्र्याहत्तर. माणूस सहज बोलतो ते साठ-पासष्टच्या घरात असतं. म्हणजे मॅडमचं बोलणं त्या घरघरीत बुडत होतं, आणि कानातलं मशीन त्या बुडालेल्यावर आणखी पाणी ओतत होतं.

काम तीन थरांचं असतं. पहिला थर डॅम्पिंग शीट. ही रबरासारखी चिकट जड पट्टी, वरून ॲल्युमिनियमचा कागद. पत्र्यावर ठेवायची, हीट गनने गरम करायची आणि लोखंडी रोलरने दाबत जायचं. पत्रा थरथरणं सोडतो. आधी बोटाने टकटक केलं तर रिकाम्या डब्यासारखं वाजतं, नंतर लाकडासारखं. दुसरा थर फोमचा, तो आवाज पितो. तिसरा बॅरियर, म्हणजे जाड जड रेक्झिनसारखी चादर. ती येणाऱ्या आवाजाला अडवते. दाराच्या तळाला पावसाचं पाणी जायला भोकं असतात, ती मात्र बुजवायची नाहीत. नवीन माणूस हमखास बुजवतो आणि पावसाळ्यात गिऱ्हाईक दारात पाणी हिंदकळतंय म्हणून भांडायला येतं.

मॅडमनी त्या आठवड्यात रजा घेतली होती. चार दिवस मी आणि माझा फिटर श्रीनू गाडीत वाकून होतो. श्रीनूची आणि माझी पंधरा वर्षांची जोडी, तो तेलुगूत बोलतो, मी अर्धं मराठीत. मांड्या भरून आल्या, बोटांना फोड आले, तरी मला सकाळी उठून कधी एकदा दुकान उघडतो असं व्हायचं. चाकांच्या वरच्या कमानींवर मी दोन दोन थर दिले. दारांची रबरं तपासली. ड्रायव्हरच्या दाराचं रबर वरच्या कोपऱ्यात कडक होऊन आक्रसलं होतं, बोटाच्या पेराएवढी फट पडली होती. ते सगळ्यात आधी काढून टाकलं आणि चारी दारांना नवं मऊ रबर बसवलं. मागच्या सीटच्या डोक्याशी दोन लहान स्पीकर बसवले, माणसाचं बोलणं ज्या पट्टीत असतं त्या पट्टीचे.

शेवटी सगळं परत जोडून ड्रायव्हरचं दार लावलं. आधी ते खडाक करून लागायचं. आता धप्प झालं. मी ते सात-आठ वेळा उघडून लावलं. श्रीनू म्हणाला, "चालु सार, हँडल ऊडिपोतुंदी." पुरे, हँडल निघून येईल.

रविवारी ट्रायल घेतली. गाडी मी चालवली. कोणालाच चालवू देणार नव्हतो, चार दिवस राबलो होतो तर आता मजा मी घेणार. मागे मॅडम आणि वकीलसाहेब. ऐंशीला मीटर सदुसष्ट दाखवत होता. सहा डेसिबल कमी. तुम्हाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण मला गाडी थांबवून रस्त्यावर उतरून नाचावंसं वाटत होतं. वकीलसाहेबांनी डबी उघडली, एक मशीन लावलं, मग दुसरं. मॅडमनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "दादा, ऐकू येतंय?"

"येतंय की," ते म्हणाले. "ओरडतेस कशाला?"

मॅडमनी तोंड खिडकीकडे वळवलं. त्या रडत होत्या हे मला आरशात दिसलं, आणि माझेही डोळे भरले. मग मी त्यांची गझल लावली. वकीलसाहेब शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "हिच्यात तबला होता होय!"

सोमवारी सकाळी मी दाढी करत होतो, तेव्हा मॅडमचा फोन आला. चौटुप्पलच्या पुढे गाडी उभी होती. समोर ट्रॅक्टर आडवा आला, यूसुफभाईंनी ब्रेक मारला, पण गाडी थांबेना. कशीबशी ट्रॅक्टरच्या हातभर अलीकडे थांबली. वकीलसाहेबांचा पट्टा लावलेला नव्हता. त्यांचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, चष्मा तुटला. कपाळाला टेंगूळ आलं होतं, बाकी ठीक होतं.

"तुम्ही ब्रेकचं काही केलंत का?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम, ब्रेकला हातही लावला नाही."

"मग यूसुफभाईंचं काय झालं हे? इतकी वर्षं चालवतात, कधी साधं खरचटलं नाही."

त्या परत फिरल्या. त्या दिवशी विजयवाड्याला त्यांची मोठी मीटिंग होती, ती गेली. मी दुपारी विद्यानगरच्या घरी पोचलो तर यूसुफभाई दाराशी उभे होते. किल्ली त्यांनी टीपॉयवर ठेवून दिली होती. चेहरा उतरलेला. "मेरा टैम हो गया साब," एवढंच मला म्हणाले.

मॅडमचंही मत तसंच होत चाललं होतं. दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. घरात वकीलसाहेबांना सगळं ऐकू येतं हे त्या विसरल्या.

"दुसरा कोणी आणलास तर मी बसणार नाही," आतून आवाज आला. "यूसुफ नाही तर मी नाही. आणि आधी त्याला आत बोलाव. बाजू ऐकल्याशिवाय मी कधी कोणाला सजा होऊ दिली नाही."

वकीलसाहेब कपाळाला बर्फ धरून आरामखुर्चीत बसले होते. यूसुफभाई समोर उभे राहिले. मी कोपऱ्यात वेताच्या मोढ्यावर बसलो. वकीलसाहेबांनी बर्फ खाली ठेवला आणि त्यांचा आवाजच बदलला.

"यूसुफ, ट्रॅक्टर कित्ते दूर से दिखा?"

"काफी दूर था साब. रुकने की जगा थी."

"फिर रुके कैकू नै?"

"मालूम नै साब. रुकनाइच था. अस्सी पे तो मैं वहाँ से आराम से रोकतूँ."

"अस्सी पे थे?"

"हौ साब. अस्सी से ऊपर मैं कब्बी जातैच नै, आप जानते."

"काँटा देखे थे?"

यूसुफभाई गोंधळले. या प्रश्नाचा अर्थच त्यांना लागेना. "काँटा?" ते म्हणाले. "काँटा तो मैं कब्बी नै देखता साब. तीस साल सरकारी गाड़ियाँ चलाया. ॲम्बेसेडर, जीप. एक का काँटा चलता नै था. कान से चलाते हम लोगाँ."

वकीलसाहेबांनी सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "भालेराव," ते मराठीत म्हणाले, "साक्षीदार क्रमांक दोन. गाडीतला आवाज कोणी काढला?"

यूसुफभाईंनी अक्षरशः सांगितलं होतं, थोडी आवाज रखो. मी हसलो होतो. ज्या आवाजावर हा माणूस तीस वर्षं वेग ओळखत होता तो मी चार दिवस खपून, रोलर फिरवून, बोटांना फोड आणून नाहीसा केला होता. त्याने नेहमीसारखा कानाने ऐंशीचा अंदाज घेतला आणि गाडी शंभराच्या वर गेली. आणि ट्रायलला मी स्वतः चालवत होतो, वेगाच्या काट्याकडे बघत. जो रोज चालवतो त्याला मी स्टिअरिंगला हातसुद्धा लावू दिला नव्हता.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. मॅडमकडे बघून म्हणालो, यूसुफभाईंकडे बघून म्हणायचा धीर झाला नाही. तो दुसऱ्या दिवशी झाला.

"मग दुरुस्त करा," वकीलसाहेब म्हणाले. "पण एक सांगतो. काल दहा वर्षांनी मी तबला ऐकला. तो परत नेऊ नका."

हा सगळा पेच होता. पुढे आवाज हवा, मागे नको, आणि मध्ये फक्त एक सीट. मॅडमनी आणखी एका आठवड्याची रजा टाकली. पुढच्या सोमवारपर्यंत जमलं तर दादा यूसुफभाईंच्या गाडीत जातील, नाही तर राजीनामा.

पहिला उपाय मी सोपा केला. वेग ऐंशीच्या वर गेला की टुं टुं वाजणारं यंत्र लावलं. एका फेरीत ते निकामी ठरलं. यूसुफभाई प्रत्येक टुं ला दचकून ब्रेक दाबायचे. "ये मेरेकू डाँटरा साब," म्हणाले. आणि मागे वकीलसाहेब दर वेळी कानातलं मशीन काढून बॅटरी बदलायला लागले, कारण त्यांच्या मशीनची बॅटरी उतरली की तेही असंच वाजतं. चांगल्या चार बॅटऱ्या फेकल्यावर आमच्या लक्षात आलं. काट्याकडे बघायची सवय लावू, असं मॅडमनी सुचवलं. यूसुफभाईंनी दोन दिवस प्रामाणिकपणे बघितलं. काट्याकडे बघताना ते रस्त्याकडे बघत नसत, त्यामुळे तेही सोडून दिलं.

शनिवारी भल्या सकाळी मी, श्रीनू आणि यूसुफभाई गाडी घेऊन पेद्दा अंबरपेटच्या पुढे गेलो. रस्ता मोकळा होता. यूसुफभाईंनी चालवायचं, काट्याकडे न बघता वेग सांगायचा, मी शेजारी बसून काटा बघायचा. मागे श्रीनू मीटर धरून.

"अस्सी," यूसुफभाई म्हणाले. काटा एकशे पाचवर होता.

गाडी कडेला घेतली. त्यांच्या पायाखालचा बॅरियर काढला. पुन्हा फेरी. "अस्सी." काटा शंभर. फोम काढला. अठ्ठ्याण्णव. चाकावरच्या कमानीचा एक थर उचकटला, पंच्याण्णव. तेवढ्यात मागून श्रीनू ओरडला, "सार, सेव्हंटी!" मागे सदुसष्टचे सत्तर झाले होते. म्हणजे यूसुफभाईंना त्यांचे ऐंशी परत द्यायचे तर वकीलसाहेबांचा तबला जाणार. मी उचकटलेले थर हातात घेऊन रस्त्याच्या कडेला बसलो.

श्रीनूने समोरच्या टपरीवरून चहा आणला. तो पिता पिता मी यूसुफभाईंना तो प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता. "यूसुफभाई, अस्सी पे आप सुनते क्या है?"

त्यांनी डोळे मिटले. हात स्टिअरिंग धरल्यासारखे पुढे आले. "पचास पे गाड़ी नीचे से बोलती. हूँऽऽ. सत्तर पे वोइच, ज़रा मोटा. फिर अस्सी पे सीटी शुरू होती. बारीक. सीटी आई के पाँव उठा लेना. बस."

"सीटी? किदर से?"

त्यांनी उठून ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. आरशाच्या जरा वर. जिथलं कडक झालेलं, फट पडलेलं रबर मी सगळ्यात आधी काढून फेकलं होतं.

माझ्या हातातला चहा सांडला. इतका आनंद मला धंद्यात क्वचित झालाय. कारण अडवायला सगळ्यात अवघड असतो तो जाड आवाज, टायरची घरघर, इंजिनची घुमघुम. तो पत्र्यातून, सीटखालून, सगळीकडून घुसतो. बारीक आवाजाचं तसं नाही. तो सरळ रेषेत जातो आणि साध्या उशीनेही अडतो. त्या कोपऱ्यातली शिट्टी यूसुफभाईंच्या उजव्या कानापासून वीतभर अंतरावर वाजणार, आणि मागे पोचायच्या आत त्यांच्या सीटच्या पाठीत आणि मागच्या गादीत जिरणार. मला पुढे घरघर परत आणायची गरजच नव्हती. एक शिट्टी परत आणली की पुरे होतं.

उचकटलेले सगळे थर आम्ही तिथेच परत दाबून बसवले. मग मी ब्लेड घेतलं आणि नव्याकोऱ्या रबराच्या त्या कोपऱ्यात नखाएवढी खाच पाडली. फेरी मारली. पंच्याण्णवला शिट्टी आली. आणखी थोडं कापलं. अठ्ठ्याऐंशी. आणखी थोडं. हावरटपणा झाला आणि एकदम जास्त कापलं गेलं, शिट्टी सत्तरलाच सुरू झाली. ते रबर बाद. डिकीत एकच जादा तुकडा होता. तो बसवला आणि या वेळी ब्लेड श्रीनूच्या हातात दिलं, कारण माझ्या हावरटपणाचा मला भरवसा नव्हता.

यूसुफभाई गाडी चालवत होते आणि आम्ही दोघे श्वास धरून बसलो होतो. "अब्बी नै... अब्बी नै..." मी काट्याकडे बघत होतो. सत्त्याहत्तर, एकोणऐंशी. "हाँ. बोली," ते म्हणाले, आणि त्यांचा पाय उचलला गेला. काटा ऐंशी आणि एक्क्याऐंशीच्या मध्ये.

मी मागे वळून श्रीनूकडे पाहिलं. त्याने मीटर माझ्या तोंडासमोर धरला. सदुसष्ट. मागच्या बाकावर त्याला स्वतःलाही शिट्टी ऐकू आली नव्हती.

आम्ही ती फेरी बारा वेळा मारली. गरज तीनचीच होती. दर वेळी यूसुफभाई "बोली" म्हणायचे आणि मी काटा बघून टाळी द्यायचो. टपरीवाला आमच्याकडे संशयाने बघायला लागला तेव्हा घरी निघालो. नंतर अनुभवाने कळलं की वारा समोरून जोरात असला तर शिट्टी ताशी पाच-सात किलोमीटर कमी वेगालाच येते. यूसुफभाईंना ते मी सांगायला गेलो तर म्हणाले, "मालूम है साब. पहले भी ऐसाइच था."

सोमवारी मी सकाळी साडेपाचला विद्यानगरला जाऊन उभा राहिलो. वकीलसाहेब नव्या चष्म्यात गाडीत बसले, दोन्ही मशीन लावली आणि पट्टा स्वतःच ओढून घेतला. यूसुफभाईंनी आरसा सारखा केला. गाडी गेली. मी दुकान उघडलं, पण कामात लक्ष लागेना. दर दहा मिनिटांनी फोन बघत होतो.

अकराला मॅडमचा फोन आला. पोचलो म्हणाल्या. यूसुफभाईंनी एकदाही ऐंशी ओलांडले नाहीत.

"आणि वकीलसाहेब? ऐकू आलं सगळं?"

मग त्या म्हणाल्या, "भालेराव, सूर्यापेटपर्यंत त्यांनी मला माझ्या अपिलातल्या चुका सांगितल्या. सूर्यापेटपासून विजयवाड्यापर्यंत स्वतःच्या जुन्या केसेस. पाच तास. मला फक्त हं म्हणायला वेळ मिळत होता." त्या हसत होत्या. "माझं डोकं फार दुखतंय हो. मागच्या बाजूला थोडासा आवाज परत घालता येईल का?"

वकीलसाहेब पुढे दोन वर्षं न चुकता त्या गाडीत बसले. मॅडमचं अपील त्यांनीच मागच्या सीटवर तोंडी सांगून पुन्हा लिहवून घेतलं आणि त्या हैदराबादेत परत आल्या. माझ्याकडे आता अशा गाड्या महिन्याला दोन-तीन येतात. लोक येतात ते थेट विचारतात, किती डेसिबल कमी होतील? मी मीटर काढायच्या आधी त्यांना विचारतो, गाडी कोण चालवतं? आणि तो माणूस सोबत आला नसेल तर त्याला घेऊन या म्हणतो, तोवर गाडीचा एक स्क्रूसुद्धा काढत नाही.